पऱ्हाटीच्या कुंड्या आणि मी ओतून दिलेले पाणी

हे लिहिण्यापूर्वी वाचकांची क्षमा मागणे मला भाग आहे. प्रवासवर्णन लिहावे ते ज्याने पुष्कळ पाहिले आणि पाहिलेले ज्याला उमगले, त्याने. माझ्यापाशी दोन्ही नाही. एकतीस वर्षे मी देवरुखजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि माझी भ्रमंती बहुतेक पाठ्यपुस्तकातल्या आकृत्यांमध्येच झाली. निवृत्तीनंतर, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, प्रथमच एका संशोधनात माझे नाव लागले आणि त्यापायी मी नऊ-दहा दिवस छत्रपती संभाजीनगर व आसपासच्या भागात राहून आले. परतून महिना होत आला. जे घडले ते अजून माझ्या मनात नीट लागलेले नाही. लिहिताना लागेल, एवढ्याच आशेने हे धाडस करीत आहे.

गारखेडा, सोमवार

माझा गोंधळ बसमधून उतरल्या क्षणीच सुरू झाला. मला गारखेड्याला, मृणालच्या घरी जायचे होते. मृणाल ही माझी जुनी विद्यार्थिनी. आता इथल्या एका प्रयोगशाळेत संशोधक आहे. रिक्षावाल्याला मी शाळेत शिकलेल्या शुद्ध हिंदीत सांगितले की, मुझे गारखेडा में मेरी विद्यार्थिनी के निवासस्थान पर जाना है. त्याने अत्यंत शांतपणे मागे वळून पाहिले.

“अम्मा, गारखेडा तो इत्ता लंबा है. और मेरे कू कैसा मालूम कौन सी विद्यार्थिनी?”

पत्त्याचा कागद पर्समध्ये होता, पर्स पिशवीत होती आणि पिशवी बॅगेत. तो सापडेपर्यंत त्याने मीटर सुरू केले नाही, हे त्याचे सौजन्य इथे नोंदवते.

घरी पोहोचल्यावर चहाच्या आधीच मृणालने ओट्यावर दोन कुंड्या ठेवल्या. रोपवाटिकेत रोपे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत वाढवतात, ती पिशवी पुढे शेतात वर्षानुवर्षे पडून राहते. तिच्याऐवजी रोपासकट जमिनीत पुरता येईल अशी ही कुंडी. ती पऱ्हाटीची, म्हणजे वेचणी संपल्यावर उरणाऱ्या कपाशीच्या वाळक्या झाडांची. कुटलेली पऱ्हाटी भिजवायची, चिंचोक्याच्या खळीत मळायची, साच्यात दाबायची आणि उन्हात वाळवायची. घोंगडीला धनगर जी खळ देतात तीच ही खळ, हे ऐकून मला फार बरे वाटले. निदान एक गोष्ट ओळखीची निघाली.

“ही गंगापूर तालुक्यातल्या बचत गटाच्या बायकांनी केलेली, ही आमच्या प्रयोगशाळेतली,” मृणाल म्हणाली. “पऱ्हाटी एकाच शेतातली, चिंचोके एकाच पोत्यातले, साचाही एकच. त्यांची कुंडी ओल्या मातीसकट महिनाभर टिकते. आमची दुसऱ्या दिवशी बुडातून गळते. बाई, मला कारण सापडत नाहीये.”

कारण सापडणे निकडीचे होते. बिडकीनजवळ संजयराव म्हणून एका मोठ्या रोपवाटिकेचे मालक आहेत. ते पुढच्या मंगळवारी गावात येणार होते. त्यांची अट साधी होती: कुंडी टिकते हे पुरेसे नाही, का टिकते ते सांगा, म्हणजे ती दर वेळी टिकेल असा भरवसा धरता येईल. भरवसा पटला तर गटातल्या सहा जणींना वर्षभर काम; नाहीतर प्रकल्पाची मुदत संपत आलीच होती, शेडला कुलूप लागणार होते.

“मी वनस्पती ओळखते, मृणाल. एवढेच मला येते.”

“म्हणूनच बोलावलंय. आम्हाला काहीतरी ओळखायचंच राहून गेलंय.”

त्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नाही.

गंगापूरच्या अलीकडे, मंगळवार

जीपमध्ये मागच्या बाकावर आम्ही सात जण होतो आणि एक शिलाई मशीन. दोन्ही बाजूंना ऊस आणि ऊस नसेल तिथे वेचून रिती झालेली कपाशी. आमच्याकडे डोंगर नजरेला अडवतो. इथे नजर जाते ती जातच राहते, आणि मला उगाचच दचकल्यासारखे होत होते. कपाशी शेतात उभी ठेवली की बोंडअळी तिच्यात दडून राहते, म्हणून शेतकरी ती उपटून बांधावर रचतात आणि बहुधा चुलीला लावतात. त्या रचलेल्या गंजींकडे मी पहिल्यांदा कच्चा माल म्हणून पाहिले.

शेड गावाच्या कडेला होते. गटाच्या प्रमुख शेवंताबाई, पन्नाशीच्या, उंच, आवाज असा की साऱ्या शेडने ऐकावे. त्यांच्या हाताखाली पाच जणी. त्यांतली नंदा सर्वांत धाकटी आणि जिभेने सर्वांत तिखट.

“या मॅडम कोकणातल्या,” मृणालने ओळख करून दिली, “झाडांच्या लई मोठ्या जाणकार.”

“मग आमचं झाड कसं वाटतंय?” नंदाने हातातली पऱ्हाटीची काटकी वर धरली. “वाळलंय, पण वळखा बरं!”

सगळ्या हसल्या. मी संकोचून तिचे शास्त्रीय नाव सांगितले, त्यावर तर जास्तच हसल्या.

मृणाल दुपारच्या जीपने परतली आणि मी वही उघडून बसले. काम चौदा पायऱ्यांत मांडले: कुटणे, चाळणे, टाकीत भिजवणे, निथळणे, चिंचोके भाजून सोलणे, दळणे, खळ शिजवणे आणि पुढे तसेच. प्रत्येक पायरीशी मी एकच प्रश्न विचारत होते: यात आणखी काही घालता का?

“काय घालायचं मॅडम?” शेवंताबाई म्हणाल्या. “ताईंनी लिवून दिलंय तेच. भिंतीवर कागद चिकटवलाय न्हाय का.”

खरेच, मृणालचा कागद भिंतीवर होता आणि त्यात एका अक्षराचा फरक नव्हता. मी पानांचा, सालीचा, चिंचोक्यांचा, खळीच्या घट्टपणाचा शोध घेतला. संध्याकाळपर्यंत वही भरली आणि डोके रिकामे झाले.

मुक्काम शेवंताबाईंच्या घरी होता. जेवायला ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्ये आणि मसाले भाजून दळलेले पीठ. आमच्या नारळाच्या वाटणाला सरावलेल्या जिभेला ते प्रथम अनोळखी, मग फारच आपले वाटले. मी दुसऱ्यांदा आमटी मागितली, तेव्हा शेवंताबाईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

हात धुवायला त्यांनी तांब्यातून पाणी घातले, ते खाली एका घमेल्यात पडत होते. घमेले उचलून त्यांनी शेळीपुढे ठेवले. मी ते पाहिले आणि वहीत काही लिहिले नाही.

तिथेच, बुधवार

आता माझ्या चुकीकडे येते. पाहुणी म्हणून नुसते बसून खाणे मला जड जात होते. सकाळी लवकर मी एकटीच शेडवर गेले. भिजवणीची सिमेंटची टाकी अर्धी भरलेली होती आणि तिच्यातले पाणी राखाडी, गढूळ, वर साय धरल्यासारखे. इतक्या महत्त्वाच्या कामाला असे घाण पाणी! मला वाटले, बायका दमून घरी गेल्या असतील, धुवायचे राहून गेले असेल. मी बुडाचे बूच काढले. पाणी वाहून गेले. टाकी नारळाच्या काथ्याने दोनदा घासली, स्वच्छ धुतली आणि मागच्या मोठ्या पिंपातून बादल्या आणून काठोकाठ भरली. अंग मोडून आले, पण मनाला फार समाधान वाटले.

शेवंताबाई आल्या, टाकीत पाहिले, पिंपात पाहिले.

“ह्ये कुणी केलं?”

“मी. म्हटले, तुमचे थोडे काम हलके करावे.”

“पिंप दोन दिवसांचं व्हतं, मॅडम.” त्यांचा आवाज चढला नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. “आन् टाकीतलं?”

“ते घाण होते, म्हणून ओतून दिले.”

“ओतून दिलं,” त्यांनी माझेच शब्द परत म्हटले. मग नंदाकडे वळून, “नंदे, ऐकलं का? पाणी ओतून दिलं म्हनं.”

“कोकणात आभाळाला तोटीच नसंल काकू,” नंदा म्हणाली. “उघडीच असती.”

सगळ्यांबरोबर मीही हसले, पण कान तापले होते. त्यांच्या लेखी मी पाणी वाया घालवले होते, आणि माझ्याही लेखी तेवढेच. त्या दिवशीची पऱ्हाटी माझ्या स्वच्छ पाण्यात भिजली, गुरुवारी साच्यात बसली आणि शुक्रवारभर उन्हात वाळली. त्याच कुंड्या मंगळवारी संजयरावांना दाखवायच्या होत्या.

तिथेच, शनिवार

सकाळी पहिल्या कुंडीत ओली माती भरून शेवंताबाईंनी ती कडेला धरून उचलली. बूड खाली राहिले. दुसरीचे तेच. तिसरी उचलण्याआधीच वाकली.

मग सगळ्या एकदम बोलू लागल्या.

“नंदे, खळ पातळ केली तू! फोनवर बोलत बोलत शिजवतीस.”

“मी? रोजचीच खळ हाय! दाबणारीच्या हातात जोर नसंल तर मी काय करू?”

“माझ्या हाताला नावं ठेवतीस व्हय गं?”

नंदाच्या डोळ्यांत पाणी आले. मंगळवार तीन दिवसांवर होता. एकीच्या मुलीचे कॉलेज, दुसरीच्या घरचे छप्पर, सगळे त्या कामावर टांगलेले होते, आणि मी वही घेऊन कोपऱ्यात उभी होते. मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हते. तरी नंदाची बाजू मी घेतली नाही, ते भित्रेपणाने. कुणी विचारू नये, एवढेच मला वाटत होते.

दिवस कलला तशा बायकांनी खळीची पातेली घासायला घेतली. खळ अशी चिवट की साबणाला दाद देत नाही. शेवंताबाईंनी चुलीतली राख मुठीने घेतली आणि पातेली खसाखसा घासली. मग थोड्या पाण्याने ती विसळली आणि ते काळपट पाणी उचलून सरळ भिजवणीच्या टाकीत ओतले. विचार न करता, जसे आपण पदर खोचतो तसे.

“शेवंताबाई,” मी म्हणाले, “हे तुम्ही रोज करता?”

“काय?”

“हे पाणी टाकीत ओतता ते.”

त्या गोंधळल्या. “मग कुठं ओतायचं? पऱ्हाटी भिजायलाच लागती ना. चांगलं पाणी कशाला नासायचं?”

“आणि बुधवारी?”

त्यांनी आठवून पाहिले. “बुधवारी टाकी काठापातूर भरल्याली, तुम्हीच भरली व्हती. मंग पातेल्याचं पाणी लिंबाला घातलं.”

राखेचे पाणी क्षारयुक्त असते. ते काष्ठाला मऊ करते, तंतू सुटे करते, मग खळ त्यांना घट्ट धरते. हे मी एकतीस वर्षांत कितीतरी वेळा फळ्यावर लिहिले होते. चौदा पायऱ्यांत ते नव्हते, कारण मी “काय घालता” असे विचारत होते, आणि त्यांच्या मते त्या काही घालतच नव्हत्या; पाणी फुकट जाऊ देत नव्हत्या, एवढेच. प्रयोगशाळेत भांडी साबणाने धुतात आणि पाणी मोरीत जाते.

मी नंदाजवळ गेले. “खळ पातळ नव्हती,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले. माझ्या स्वभावाला हे फार अवघड होते. “चूक माझी आहे. कुंड्या मी ओतून दिलेल्या पाण्यामुळे गेल्या.”

मी समजावून सांगितले. बराच वेळ कुणाचा विश्वास बसेना.

“म्हंजी भांड्याच्या धुवणामुळं कुंडी टिकती?” नंदाने नाक पुसत विचारले. “अगं बाई! ह्ये कुणाला सांगू नका. लोक म्हनतील, खरकट्या पाण्याचा धंदा.”

“राखंचं पाणी म्हणायचं,” शेवंताबाईंनी ठरवून टाकले. “धुवण म्हणायचं नाय.”

त्याच संध्याकाळी पुन्हा पऱ्हाटी भिजत घातली. रविवारी मृणाल आली, तिने राख मोजली, पाणी तपासले आणि जाताना बाटल्या भरून प्रयोगशाळेत नेले. एकाच खेपेवरून निष्कर्ष काढू नये, असे ती मला सांगत होती आणि मी तिला. एकेकाळी मीच तिला ते शिकवले होते.

बिडकीन, मंगळवार

कुंड्या टिकल्या. गावातल्याही आणि, सकाळी येताच मृणालने सांगितले, प्रयोगशाळेत यंत्राने वाळवलेल्याही. संजयराव आले, प्रत्येक कुंडी उचलून पाहिली, दह्याबरोबर धपाटे खाल्ले, तोंडभरून कौतुक केले. ते बोलायला नम्र आणि सरळ गृहस्थ आहेत, हे मी मुद्दाम सांगते.

“कारण सापडलं म्हणजे निम्मं काम झालं,” ते म्हणाले. “चला, तुम्हाला माझी जागा दाखवतो.”

मृणाल, शेवंताबाई आणि मी त्यांच्या गाडीत बसून बिडकीनला गेलो. मोठमोठे सरळ रस्ते, दुतर्फा नव्या कारखान्यांच्या भिंती, आणि मधेच एखाद्या कुंपणालगत चुकून राहिल्यासारखे ज्वारीचे रान. संजयरावांच्या शेडमध्ये तीन स्टीलच्या टाक्या होत्या, आमच्या टाकीसारख्या वीस मावतील अशा, आणि एक दाबयंत्र.

“इथं पाण्यात किती राख, किती तास, किती तापमान, एवढं मॅडमनी एका पानावर लिहून द्यावं,” ते म्हणाले. “पावसाळ्याआधी कुंड्या इथंच करायला लागू. पऱ्हाटी तुमच्याच भागातून घेऊ, शेवंताबाई.”

शेवंताबाई टाकीच्या कडेवर हात ठेवून आत वाकून पाहत होत्या.

“इथं बाया किती लागतील, साहेब?”

“यंत्र आहे ना. दोघी पुरतील.”

“आम्ही सहा जणी हाव.”

संजयरावांना ते प्रामाणिकपणे वाईट वाटले असावे. ते म्हणाले, “बघू, काहीतरी करू.” मृणालने मान खाली घातली. मी यंत्राच्या पाटीवरची अक्षरे वाचू लागले, जणू ती मला ओळखायची होती.

परतताना गाडीत शेवंताबाईंनी मला विचारले, “तुम्ही लिवून दिलं नाय तर?”

“तर ते कुंड्यांचा विचार सोडतील. प्रकल्प संपेल.”

“आन् दिलं तर?”

वर्गात असा प्रश्न कुणी विचारला असता, तर मी म्हणाले असते, उद्या पाहून सांगते.

“ताई,” शेवंताबाई मृणालला म्हणाल्या, “आम्ही सहा जणींनी तिथं कामावर जायचं असं कागदावर येतंय का?”

“मी तसं लिहून मागते,” मृणाल म्हणाली. “पण ते मान्य करतील की नाही, ते माझ्या हातात नाही, मावशी.”

उतरताना शेवंताबाईंनी माझा हात धरला. “मॅडम, गोष्ट कुणालाबी सांगा. तुम्ही पाणी सांडलं, आमची फजिती झाली, समदं सांगा. माप तेवढं सांगू नका. मी फोन करस्तोवर.”

देवरुख

म्हणून राख किती आणि पाण्यात किती वेळ, हे मी इथे जाणूनबुजून लिहिलेले नाही.

ते पान तयार आहे. माझ्या सुवाच्य अक्षरात, चौदाऐवजी पंधरा पायऱ्यांचे, खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेले; कारण मी शोधले, म्हणून सही माझीच हवी, असे मृणाल म्हणते. मृणालने सहा जणींच्या कामाची अट लिहून पाठवली; संजयरावांकडून अजून होकारही नाही, नकारही नाही. रोपवाटिकेचा हंगाम मात्र थांबणार नाही. काल मृणालचा फोन आला: पान या आठवड्यात गेले नाही तर ते यंदा प्लास्टिकच्याच पिशव्या घेतील, शेड बंद होईल आणि सहाच्या सहा जणी घरी बसतील. गेले, तर दोघींना काम मिळेल आणि चौघींना नाही. पुढच्या वर्षी किती जणींना, ते कुणालाच ठाऊक नाही. शेवंताबाईंचा फोन आलेला नाही. मी केला, तर नंदाने उचलला. म्हणाली, “काकू रानात हाय. तुम्हाला काय वाटतं मॅडम, तुम्ही शिकल्याल्या, तुम्हीच सांगा.”

मला खरोखर सांगता येत नाही. म्हणून ज्यांनी इथवर वाचण्याचे कष्ट घेतले, त्यांनाच विचारते: माझ्या जागी तुम्ही असता, तर ते पान पाठवले असते का?